जुनी, आडबाजूची नॉन-फिक्शन पुस्तकं: तुम्हाला त्यातून काय मिळतं?

कागदकिडा

गेले तीन आठवडे रात्री झोपण्यापूर्वी मी गांडुळांबद्दल वाचतोय. सुरुवातीला घरचे विचारायचे, आता तेही सोडलंय.

पुस्तक डार्विनचं आहे, पण १८५९ सालचं ते उत्क्रांतीवरचं जगप्रसिद्ध नव्हे. हे १८८१ च्या ऑक्टोबरात आलं, म्हणजे तो जायच्या जेमतेम सहा महिने आधी. त्याचं शेवटचं पुस्तक. विषय एवढाच की गांडुळं जमिनीच्या वरचा मातीचा थर कसा तयार करतात. या विषयावरचा पहिला निबंध त्याने १८३७ मध्ये वाचला होता. म्हणजे जगाला हलवून सोडणारं पुस्तक लिहून झालं, त्यावरची भांडणं झाली, म्हातारपण आलं, आणि चाळीसेक वर्षांनी हा माणूस परत गांडुळांकडे आला.

त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांना ऐकू येतं का हे बघायला धातूची शिट्टी फुंकली, बसून वाजवून बघितलं (हे एक खर्ज सुराचं फुंकवाद्य आहे, 'बसून' म्हणजे खाली बसून नव्हे), ओरडून बघितलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग त्याने कुंड्या उचलून थेट पियानोवर ठेवल्या आणि खर्जातला एक सूर दाबला. गांडुळं झटक्यात बिळात. म्हणजे ऐकू येत नाही, पण थरथर कळते. हे वाचताना मी मोठ्याने हसलो आणि मग जरा गप्पच बसलो. इतका साधा प्रश्न, इतकी साधी तपासणी, आणि उत्तर चोख.

दुसरी जागा शेताची. डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या एका शेताच्या तुकड्यावर खडूचे तुकडे पसरले. आणि थांबला. किती? २९ वर्षं. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला, तर पांढऱ्या खड्यांची रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. खडू खाली गेला नव्हता, गांडुळांनी खालची माती वर आणून टाकत त्याला गाडलं होतं. शेजारी एक दगडगोट्यांचं रान होतं, पोरं उतारावरून पळत आली की पायाखालचे दगड वाजायचे. हे मोठे दगड माझ्या हयातीत तरी झाकले जातील का, अशी शंका त्याला होती. तीस वर्षांनी तिथून घोडा भरधाव गेला तर नालेला एक दगड लागू नये, अशी हिरवळ झाली होती.

धागा काढायचं कारण वेगळंच. हे पुस्तक मला कोणी सुचवलं नव्हतं. कुठल्याही 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' यादीत ते मी पाहिलेलं नाही. आणि मला वाटायला लागलंय की मजा त्यातच आहे. गाजलेलं पुस्तक हातात येतं तेव्हा त्याची अर्धी पानं आपण आधीच ऐकलेली असतात. आडबाजूच्या पुस्तकात आपण आणि लेखक दोघंच. तुमचे अनुभव सांगा. कथा-कादंबऱ्या सोडून. जुनं चालेल, फार जुनं असेल तर उत्तमच.

निवांत

वाचनखूण साठवली. पियानोवरच्या कुंड्या डोळ्यांसमोरून जाईनात.

शंकासुर

धागाकर्त्याबद्दल आदर आहे, पण एक विचारतो. कादंबरी जुनी वाचली तर समजू शकतो, ती शिळी होत नाही. माहितीपर पुस्तक जुनं कशाला वाचायचं? गांडुळांबद्दल आज डार्विनपेक्षा शंभरपट जास्त माहिती आहे. ती नव्या पुस्तकात नीट, आकृत्यांसकट मिळते. मग दीडशे वर्षांपूर्वीची लांबलचक वाक्यं वाचून मिळवायचं काय? मला यात थोडा 'बघा मी काय वाचतो' असा वास येतो. राग मानू नये.

कागदकिडा

राग कसला. 'बघा मी काय वाचतो' हा वास थोडा आहेच, कबूल.

पण बाकी मुद्द्यावर : माहिती हवी असेल तर नवंच पुस्तक घ्यावं, वादच नाही. मी माहितीसाठी वाचत नाहीये. नव्या पुस्तकात मला 'गांडुळं पानं बिळात ओढताना निमुळत्या टोकाकडून ओढतात' एवढं एक वाक्य मिळेल. डार्विनकडे त्याच्यामागची सगळी खटपट मिळते. त्याला प्रश्न पडला की हे अक्कल वापरून करतात की नुसती सवय? सवय असेल तर ती ओळखीच्या झाडाच्या पानांपुरतीच असेल. म्हणून त्याने जगात कुठल्याच गांडुळाने कधी न पाहिलेली वस्तू दिली. कागदाचे लांबट त्रिकोण कापून जमिनीवर टाकले आणि रोज सकाळी मोजलं की कुठला त्रिकोण कुठून ओढलाय. ३०३ त्रिकोण! त्यातले ६२ टक्के टोकाकडून ओढलेले. म्हणजे नुसता योगायोग म्हणता येत नाही. तो निष्कर्ष काढतो, पण काढताना दहादा अडखळतो, आपल्याच म्हणण्यावर शंका घेतो. ते अडखळणं नव्या पुस्तकात कसं असणार? तिथे उत्तर आधीच माहीत असतं.

मधली_पानं

शंकासुर, तुमचा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःलाच विचारत होते. माझं उत्तर मला कॉलऱ्यावरच्या एका पुस्तकात मिळालं.

जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. १८५४, लंडन, कॉलरा. डॉक्टर नकाशावर मृत्यू मांडतो, पंपाचं पाणी दोषी आहे हे ओळखतो, पंपाचा दांडा काढून टाकतो, साथ थांबते. समाप्त, टाळ्या. मीही ती अशीच चार ठिकाणी वाचली आणि दोन ठिकाणी सांगितली.

मग एकदा स्नोचं १८५५ सालचं मूळ पुस्तक उघडलं. त्यात तो काय लिहितो? दांडा काढला ८ सप्टेंबरला. पण त्याच्या आधीच लोक वस्ती सोडून पळाले होते आणि नव्या रुग्णांचा आकडा घसरला होता. त्यामुळे दांडा काढला त्या वेळी विहिरीत विष शिल्लक होतं की नव्हतं हे ठरवता येणार नाही, असं तो स्वतः सांगतो! ज्याच्या नावावर ही शौर्यकथा खपते तोच म्हणतोय की माझ्या दांड्यामुळे साथ थांबली असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

मग त्याचा खरा पुरावा कुठला? तो तर अजून भारी आहे. पंपापासून कितीतरी लांब, हॅम्पस्टेडच्या बाजूला, एक ५९ वर्षांची विधवा बाई कॉलऱ्याने गेली. त्या भागात दुसरा एकही रुग्ण नाही. स्नो चौकशी करतो. बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायच्या. त्यांना तिथल्याच पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज तिकडे जाणाऱ्या गाडीतून मोठी बाटली भरून मागवायच्या. ३१ ऑगस्टला भरलेलं पाणी त्या त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी प्यायल्या, २ सप्टेंबरला गेल्या. भेटायला आलेली पुतणीही तेच पाणी प्यायली, इस्लिंग्टनला आपल्या घरी गेली आणि तीही गेली. तिच्या भागातही तेव्हा कॉलरा नव्हता.

उलट पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीत सत्तरहून जास्त कामगार होते आणि त्यांच्यात कोणालाच जोराचा कॉलरा झाला नाही. त्यांना कामावर बिअर मिळायची, पंपाकडे कोण जातंय!

जवळचे वाचले आणि लांबची गेली, इथे खरी गाठ आहे. ही पानं वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पुरावा म्हणजे काय असतो. आणि दांड्याची गोष्ट सांगायची मी बंद केली.

शंकासुर

दांड्याचं माहीत नव्हतं. हा मुद्दा मान्य. तरी तुम्ही निवडून चांगली पुस्तकं सांगताय. चुकीच्या माहितीने भरलेलीही ढीगभर असतील की.

सुताराचा_पक्षी

चुकीच्या माहितीने भरलेलं आणि तरीही वाचण्यासारखं असं एक मी सांगतो.

मागे मी दीड महिना अंथरुणावर होतो. बरा झालोय, काळजी नको. त्या काळात एका रुग्णालयात खोलीच्या दाराबाहेर माझे नातेवाईक आणि डॉक्टर हळू आवाजात बोलायचे. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. मला वाटायचं संपलं सगळं. नंतर समजलं, बिलाच्या कागदांबद्दल बोलणं चालायचं.

घरी आल्यावर मुलीने फोनवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं शुश्रूषेवरचं १८५९ चं पुस्तक उघडून दिलं. त्यात आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे. बाई म्हणतात की मोठ्या आवाजाचा आजाऱ्याला एवढा त्रास होत नाही जेवढा अर्धवट ऐकू येणाऱ्या कुजबुजीचा होतो, कारण तो कान ताणून ऐकत राहतो आणि त्याला वाटतं हे माझ्याबद्दलच आहे. त्याच खोलीतल्या कुजबुजीला त्या सरळ क्रूरपणा म्हणतात, आणि दाराबाहेरच्या बोलण्याला बेफिकिरीतून नकळत होणारा क्रूरपणा. मी ते पान बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे आधी का नाही वाचलंस?'

पुढे भेटायला येणाऱ्यांवर प्रकरण आहे. 'काही होत नाही, लवकर बरे व्हाल' म्हणणारे, ज्याचा आजार ठाऊक नाही त्यावर औषध सुचवणारे. बाईंनी त्यांना असं सोलून काढलंय की मी पोटाला टाके असताना हसलो आणि पस्तावलो.

आता चुकीचं काय? संसर्गाने रोग पसरतात हे त्या वेळी त्यांना पटतच नव्हतं. घाण, कोंदट हवा, सांडपाणी यांच्यावर त्यांचा सगळा रोख. औषधोपचारासाठी हे पुस्तक कोणी वाचू नये. पण आजारी माणसाला पडल्या पडल्या काय दिसतं, काय ऐकू येतं, भिंतीकडे बघून बघून त्याचं काय होतं, हे त्यांनी जसं टिपलंय तसं मला दुसरीकडे सापडलं नाही. चूक आणि बरोबर एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात, कधी कधी एकाच पानावर. ते निवडत वाचायला लागतं, आणि निवडता निवडता आपण आजची पुस्तकंही जरा डोळे उघडे ठेवून वाचायला लागतो.

उंबरठा

+१. कुजबुजीचं अगदी खरं आहे. आईच्या वेळी आम्हीही हेच केलं.

मला मराठीतली दोन-तीन सांगायचीत. सगळे इंग्रजीत शिरले म्हणून.

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८२. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या नीतीवर प्रवचनं झडली, आणि बुलढाण्याची ही बाई उसळून लिहायला बसली. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत होतं. पण एका बैठकीत वाचू नका. ती वाचकाला समोर बसवून जाब विचारते. बायका वाईट म्हणता ना, मग एकेक दुर्गुण घेऊ आणि बघू तुमच्यात तो किती आहे. वाद घालायची अशी खणखणीत मराठी मला आजच्या एकाही लेखात दिसत नाही. म्हणी, टोमणे, मध्येच हात जोडून विनवणी, लगेच पुढच्या वाक्यात चपराक.

महात्मा फुल्यांनी त्या काळात तिची बाजू घेतली. तरी पुस्तक पुढे विस्मरणात गेलं ते गेलंच. १९७५ मध्ये स. गं. मालश्यांनी ते पुन्हा छापून आणलं. मधली नव्वदेक वर्षं ते जवळपास कोणाच्याच वाचनात नव्हतं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला ठाऊक नाही. एवढी धार असलेली बाई एकदाच लिहिते आणि गप्प होते, हे पुस्तक मिटल्यावर छळत राहतं.

दुसरं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. ते तसं प्रसिद्ध आहे, पण बहुतेकांना त्यातली झाशीची राणीच माहीत असते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी धुळीने माखलेली राणी ओंजळीने पाणी पिते ते पान. ते पान आहेच तसं. पण मला आवडतो तो भटजी. हा गरीब माणूस दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली घरून निघालाय आणि थेट बंडाच्या मध्यात सापडलाय. त्याला इतिहास घडतोय वगैरे काही पडलेलं नाही. कर्ज फेडायचंय, पैसे लुटले जातायत, जीव वाचवायचाय, आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी न्यायचीय. तोफांच्या आवाजात तो दक्षिणेचा हिशोब ठेवतो. इतिहासाच्या पुस्तकात असा माणूस कुठे सापडतो?

मधली_पानं

उंबरठा, भर घालते. गोडसे भटजी घेताना आवृत्ती बघून घ्या. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली जी छापली त्यात त्यांनी बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती खूप नंतर आली. दोन्ही शेजारी ठेवून चार पानं वाचली तर संपादकाने काय झाकलं आणि का झाकलं असेल, हा आणखी एक खेळ सुरू होतो. मी त्यात एक अख्खा रविवार घालवला.

उंबरठा

हे भारी. माझ्याकडे कुठली आहे ते आता बघावं लागेल.

तिसरं राहिलं. 'गावगाडा', त्रिंबक नारायण आत्रे, १९१५. आत्रे महसूल खात्यात होते, गावोगाव फिरलेले. कुळकर्णी, पाटील, बलुतेदार, अलुतेदार, कोणाचा हक्क किती, कोण कोणाला नाडतो, सगळं आतल्या माणसाच्या भाषेत. शब्दांसाठी वाचा, बाकी काही नाही तर. मी दर पानाला दोन-तीन शब्द वहीत उतरवले. काही शब्दांची वस्तूच आता उरलेली नाही, त्यामुळे शब्दकोश बघूनही डोळ्यांपुढे चित्र येईना.

बिनपट्टीचा

गावगाड्याबद्दल थोडं थांबवतो. शब्द भारी, निरीक्षण भारी, मान्य. पण भटक्या लोकांबद्दल त्यात ज्या सुरात लिहिलंय ते आमच्यासारख्यांना सहज वाचवत नाही. याच आत्र्यांचं 'गुन्हेगार जाती' नावाचंही पुस्तक आहे, नावातच सगळं आलं. अख्खी जमात जन्मतः चोर, हे सरकारी कायद्याने मानलेलं आणि लेखकानेही निमूट मानलेलं.

वाचू नका असं म्हणत नाही. मी दोनदा वाचलंय. पहिल्यांदा पुस्तक भिरकावलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो. जिथे लेखक स्वतः पाहिलेलं सांगतो तिथे एक रेघ, जिथे ऐकीव किंवा कचेरीतलं सांगतो तिथे दोन. फिरस्त्यांच्या प्रकरणात दोन रेघाच दोन रेघा. शेतीच्या, वसुलीच्या प्रकरणात बहुतेक एकच. माणूस तोच, डोळा तोच, पण जिथे तिरस्कार आला तिथे त्याने बघायचंच सोडून दिलं. हे मला कोणा टीकाकाराने सांगून पटलं नसतं.

उंबरठा

हे मी लिहायला हवं होतं. त्या प्रकरणांवरून मी भरभर पुढे गेले होते हे आता लक्षात येतंय. भरभर पुढे जाता आलं, यातही काहीतरी आहेच. एक रेघ, दोन रेघा ही पद्धत उचलतेय.

निवांत

बिनपट्टीचा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

नवा_गडी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मला यातलं काही वाचायची सवय नाही. मी आतापर्यंत यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं वाचत आलोय, तीही बऱ्याचदा पंधरा मिनिटांच्या सारांशाच्या ॲपवर. तुमचं वाचून हुरूप आला म्हणून काल गिबनचा रोमन साम्राज्यावरचा ग्रंथ उघडला. अकरा पानांत झोपलो. मी चुकीच्या धाग्यावर आलोय का?

सुताराचा_पक्षी

अकरा पानं पुष्कळ झाली. सहा खंड आहेत ते. पहिल्या दिवशी आखाड्यात जाऊन कोणी हिंदकेसरीशी कुस्ती धरतं का?

कागदकिडा

नवा_गडी, स्वागत. माझं ऐकाल तर फॅरडे या शास्त्रज्ञाचं मेणबत्तीवरचं पुस्तक घ्या. सहा व्याख्यानं, १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली, १८६१ मध्येच पुस्तकरूपात आली. छोटं आहे. एक मेणबत्ती घेतो आणि तिच्यातून जवळजवळ सगळं रसायनशास्त्र काढतो.

वाचायचं नसेल तर निदान हे करून बघा. मेणबत्ती दोन-तीन मिनिटं जळू द्या. खोलीत वारा नको. मग ती हलकेच विझवा, वातीतून पांढुरकी धुराची रेघ वर जाईल. पेटती काडी त्या रेघेत धरा, वातीपासून दोन-तीन इंच वर. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. काडी वातीला लागलेलीच नसते! कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ आहे, आणि मेणबत्तीत जळतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. मी चाळिशीत हे पहिल्यांदा पाहिलं. शाळेत 'मेणबत्तीचे ज्वलन' यावर पाच गुण मिळवले होते.

फॅरडेची स्वतःची गोष्टही या धाग्याला लागू आहे. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायला लागला. त्यात जेन मार्सेट नावाच्या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपी पुस्तक होतं. एक शिक्षिका, दोन मुली, प्रश्नोत्तरं. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर बाईंचं नावही नव्हतं. त्या पुस्तकाने मला रसायनशास्त्राची वाट दाखवली, हे फॅरडेने पुढे उघडपणे मानलं. आज मार्सेटबाई कोणाला माहीत आहेत?

नवा_गडी

मेणबत्तीचं केलं. तीनदा फसलं, चौथ्यांदा उडी मारली. मग घरातले सगळे उठून आले आणि अर्धी मेणबत्ती संपली. पुस्तक डाउनलोड केलंय.

शंकासुर

सूत्रांच्या पुस्तकांवरून आठवलं. एका कार्यक्रमात वक्त्याने सुरवंटांची गोष्ट सांगितली होती. कोणा फ्रेंच शास्त्रज्ञाने सुरवंट कुंडीच्या काठावर एकामागे एक गोल लावले, ते एकमेकांच्या मागे फिरत फिरत उपाशी मेले, बोध : आंधळेपणाने दुसऱ्याच्या मागे जाऊ नका. तीही जुन्या पुस्तकातलीच ना? मग जुन्या पुस्तकांतून हेच मिळणार असेल तर...

मधली_पानं

शंकासुर, तुम्ही नकळत फुलटॉस टाकलात!

तो फ्रेंच माणूस म्हणजे फाब्र. कीटकांवर दहा खंड लिहिले, १८७९ ते १९०७. सुरवंटांचा प्रयोग खरा आहे. मोठ्या कुंडीच्या काठावर ते सात दिवस गोल फिरले. तो रोज जाऊन बघतो, मोजतो, थंडीत कसे गोळा होऊन बसतात, सकाळी पुन्हा कसे निघतात, सगळं लिहितो. पण ते मेले नाहीत! दमून, थांबून, रांग तुटून, एखादा भलतीकडे भरकटून, असं होत होत आठव्या दिवशी ते खाली उतरायला लागले आणि घरट्याकडे परतले. फाब्रने हे सगळं लिहून ठेवलंय.

म्हणजे मूळ गोष्टीचा बोध काढायचाच तर जवळजवळ उलटा निघतो. रांगेतला एखादा भरकटला म्हणून बाकीचे सुटले. वक्त्यांना मेलेले सुरवंट सोयीचे पडतात. सारांश असाच तयार होतो, कोणीतरी सातव्या दिवशी पुस्तक मिटतं.

शंकासुर

तो वक्ता आमच्याच कंपनीने बोलावला होता. टाळ्या मीही वाजवल्या.

बिनपट्टीचा

😀 आठव्या दिवसाबद्दल आभार. हे मीही मेलेलेच धरून चाललो होतो.

निवांत

अवांतर : ही पुस्तकं मिळतात कुठे? दुकानात विचारलं की विचित्र बघतात.

मधली_पानं

वर आलेली इंग्रजी सगळी हक्कमुक्त आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग किंवा इंटरनेट अर्काइव्ह. फाब्रचे खंड इंग्रजी भाषांतरात वेगवेगळ्या नावांनी विखुरलेत, त्यामुळे शोधताना जरा गोंधळ होतो. मराठीसाठी विकिस्रोत चाळा, आणि जुन्या ग्रंथालयात जाऊन कपाटासमोर उभं राहायला काही पर्याय नाही. सूचीत शोधलं तर जे माहीत आहे तेच सापडतं. मला मार्सेटबाई दुसरंच काहीतरी काढताना हाताला लागल्या होत्या.

वाचायच्या पद्धतीबद्दल एकच. प्रस्तावना शेवटी वाचा. नंतरच्या संपादकाची प्रस्तावना तर नक्कीच, ती आधी वाचली की आपण त्याच्याच डोळ्यांनी वाचतो. आणि पहिल्या पानापासूनच सुरू केलं पाहिजे असं काही नाही. माझं नावच बघा.

शंकासुर

(दहा दिवसांनी)

धागा वर काढतोय. कबुली द्यायचीय.

कागदकिडा यांचे ते त्रिकोण डोक्यातून जाईनात. म्हटलं हे खोटं ठरवणं सोपं आहे. घरामागे जरा ओलसर जागा आहे, गांडुळांच्या मातीच्या गोळ्या दिसतात तिथे. वहीचा कागद घेतला, लांबट त्रिकोण कापले, मोजून चाळीस. संध्याकाळी पसरले. रात्री बॅटरी घेऊन दोनदा बघून आलो (कुत्रा भुंकला, शेजाऱ्याने दिवा लावला, काय सांगणार त्याला).

सकाळी निकाल : शून्य. दवाने सगळे त्रिकोण भिजून लगदा झालेले. तीन बिळांच्या तोंडाशी कागदाचा बोळा होता पण टोक कुठलं आणि पाया कुठला काही कळेना. दुसऱ्या रात्री परत केलं. पाऊस. लगदा.

तर प्रश्न असा की डार्विनच्या इंग्लंडात दव पडत नव्हतं का? तिथे तर कायम भिजभिज म्हणतात. ३०३ त्रिकोण कोरडे राहिले कसे? मला तर त्याच्या आकड्यांवरच संशय यायला लागलाय.

सुताराचा_पक्षी

शेजाऱ्याला काय सांगितलंत ते आधी सांगा.

कागदकिडा

शंकासुर, थांबा. पुस्तक उघडून बघितलं, आणि चूक माझी आहे. त्याने कागद जरा ताठ घेतला होता आणि त्रिकोणांना दोन्ही बाजूंनी कच्ची चरबी चोळली होती. का, तेही लिहिलंय : रात्रीच्या पावसा-दवाने कागद लुळा पडू नये म्हणून. अर्धंच वाक्य आहे. मी वर लिहिताना ते गाळलं. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

मधली_पानं

सातव्या दिवशी पुस्तक मिटलंत म्हणा की.

कागदकिडा

काय बोलणार. मिटलं.

शंकासुर

म्हणजे मी दोन रात्री कुत्र्याच्या शिव्या खाल्ल्या त्या तुमच्या सारांशापायी.

चरबीऐवजी मेण चालेल का? मेणबत्तीचा तुकडा घासला तर? की वासाने गांडुळं लांब राहतील? चरबीचा वास त्यांना खटकतो का हे त्याने तपासलं होतं का?

कागदकिडा

चरबीचं म्हणाल तर...

शंकासुर

नको, सांगू नका. तुमच्यावर विश्वास नाही. प्रकरण कितवं तेवढं सांगा.

कागदकिडा

दुसरं.